पेट्रोलची गाडी सीएनजीवर करायची? आधी कागदावर चालवून बघा

आजच्या व्हिडिओत मी फळ्यावर जे गणित मांडलं, ते इथे सविस्तर लिहून देतोय. व्हिडिओ बघताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून वही-पेन घेऊन हा धडा एकदा नीट वाचा. विषय आहे, आपल्याकडे असलेली साधी पेट्रोलची गाडी सीएनजीवर करून घेणं. धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हा विचार कधी ना कधी येतोच. पेट्रोलचा आकडा बघितला की येतोच!

पण एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. "सीएनजी स्वस्त पडतो का?" हा आपला प्रश्न नाही. तो स्वस्त पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आपला प्रश्न वेगळा आहे. माझ्या धंद्यात, माझ्या रस्त्यावर, माझ्या मालाच्या वजनाला किटचे पैसे किती महिन्यांत सुटतील? साठ-सत्तर हजार रुपये म्हणजे नवख्या उद्योजकाचं दोन-तीन महिन्यांचं खेळतं भांडवल असतं. ते डिकीत लोखंडाच्या टाकीत अडकवायचं की मालात फिरवायचं, हा निर्णय आहे.

गॅस आपल्या दारात, पण आपल्या गाडीत?

आपण धरमतर, पेण, रोहा भागातले लोक. गंमत बघा, नैसर्गिक वायू आपल्याला काही नवा नाही. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्याला लागतो. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना याच वायूच्या जोरावर उभा राहिला. आपल्या धरमतर खाडीकाठी डोलवीला जो पोलाद कारखाना आहे, तिथे नव्वदच्या दशकात स्पंज आयर्न बनवायला नैसर्गिक वायूच वापरायला सुरुवात झाली. म्हणजे मोठ्या उद्योगांनी हे इंधन तीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. गाड्यांसाठी आणि घरांसाठी मात्र ते आपल्याकडे उशिरा आलं. रायगड जिल्ह्यात गॅस वितरणाची परवानगी महानगर गॅसला २०१५ मध्ये मिळाली.

शेजारच्या मुंबईत हा प्रयोग त्याच्या बराच आधी झाला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रदूषणाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच बसगाड्यांसाठी तसा आदेश दिला होता. पद्मिनी टॅक्सीच्या डिकीतली ती मोठी टाकी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सामान मावायचं नाही म्हणून वर कॅरिअर लागायचा. हा कॅरिअरचा मुद्दा लक्षात ठेवा, गणितात परत येणार आहे.

आता या टॅक्सीवाल्यांना ते परवडलं का? परवडलं. कारण त्यांची गाडी दिवसभर फिरत होती. रोजचे किलोमीटर जास्त, म्हणून किटचे पैसे लवकर सुटले. धड्याचं पहिलं सूत्र इथेच मिळतं: बचत किटमुळे होत नाही, किलोमीटरमुळे होते.

किट म्हणजे नेमकं काय बसवतात?

पैसे मोजण्याआधी वस्तू ओळखा. हल्लीच्या गाड्यांना जे किट लागतं त्याला सीक्वेन्शियल किट म्हणतात. त्यात मुख्य भाग असे:

१. सिलिंडर: म्हणजे टाकी. गॅस साधारण २०० बार दाबाने भरतात. ६० लिटर पाण्याच्या मापाच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो. रिकामी टाकीच पन्नास-साठ किलोच्या आसपास भरते.

२. हाय प्रेशर पाइप आणि फिलिंग व्हॉल्व्ह: पंपावर नळी लावतात ती जागा आणि तिथून टाकीपर्यंत, पुढे इंजिनपर्यंत जाणारी पोलादी नळी.

३. रेग्युलेटर: काही जण रिड्यूसर म्हणतात. २०० बारचा दाब इंजिनला चालेल इतका कमी करतो. दाब उतरला की गॅस एकदम थंड होतो, म्हणून रेग्युलेटरला इंजिनच्या कूलंटची गरम लाइन जोडलेली असते. गाडी आधी पेट्रोलवर सुरू होऊन थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जाते, त्याचं कारण हेच.

४. गॅस फिल्टर आणि इंजेक्टर रेल: प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर.

५. ईसीयू आणि चेंजओव्हर स्विच: किटचा मेंदू आणि पेट्रोल-गॅस बदलायचं बटण.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना साधं मिक्सरवालं किट बसायचं. ते स्वस्त असतं, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीला ते बसवणं म्हणजे स्मार्टफोनला रेडिओचे सेल लावण्यासारखं आहे. कोणी "तेच बसवू, दहा हजार वाचतील" म्हणालं तर हात जोडून निघा.

गॅरेजमध्ये लोवाटो, लँडी रेन्झो, टोमासेट्टो अशी नावं ऐकाल. ही सगळी इटालियन. इटलीत गाड्या मिथेनवर चालवायची परंपरा १९३० च्या दशकापासूनची आहे, म्हणून हा धंदा तिथे मुरला. नाव मोठं आहे म्हणून लगेच भुलू नका. त्या नावाचं किट तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, ते महत्त्वाचं.

आता गणित. वही काढा.

खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा दर आणि तुमच्या गाडीचा खरा ॲव्हरेज घाला. कंपनीच्या जाहिरातीतला ॲव्हरेज घालू नका! टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, परत फुल करा आणि भागा. तीन वेळा करा.

समजा:
- पेट्रोल १०४ रुपये लिटर, ॲव्हरेज १५. म्हणजे किलोमीटरला ६.९३ रुपये.
- सीएनजी ८० रुपये किलो, ॲव्हरेज २१. म्हणजे किलोमीटरला ३.८१ रुपये.
- फरक ३.१२ रुपये. सुरुवातीला गाडी थोडी पेट्रोलवर चालते, त्याचे १२ पैसे वजा करू. निव्वळ फरक ३ रुपये.

ॲव्हरेज १५ चा २१ कसा झाला, असं विचाराल. यात जादू काही नाही. पेट्रोल लिटरने मोजतो आणि गॅस किलोने. एक किलो सीएनजीमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलच्या जवळपास ऊर्जा असते. माप वेगळं आहे, एवढंच.

खर्चाची बाजू:
- किट, फिटिंगसकट: ६०,००० रुपये.
- पासिंग, विमा, किरकोळ: ३,००० रुपये.
- एकूण ६३,००० रुपये.

शिवाय दरवर्षीचा खर्च: फिल्टर आणि स्पार्क प्लग २,५००, विम्याचा जादा हप्ता २,५००, टाकीच्या चाचणीचा वर्षाचा वाटा १,०००. मिळून ६,०००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये.

आता तीन गाड्या बघा.

गाडी पहिली: महिन्याला ६०० किमी. बचत १,८००, वजा ५००, उरले १,३००. ६३,००० सुटायला ४८ महिन्यांहून जास्त. म्हणजे चार वर्षं.

गाडी दुसरी: महिन्याला १,५०० किमी. बचत ४,५००, वजा ५००, उरले ४,०००. साधारण १६ महिने.

गाडी तिसरी: महिन्याला ३,००० किमी. अलिबागच्या पर्यटकांना फिरवणारी टॅक्सी धरा. बचत ९,०००, वजा ५००, उरले ८,५००. साडेसात महिने.

पहिल्याने किट बसवू नये. तिसऱ्याने विचार करत बसू नये. खरा प्रश्न आहे दुसऱ्याचा, आणि तुमच्यापैकी बहुतेक जण दुसऱ्याच गाडीत बसलेले आहात. म्हणून पुढचं नीट वाचा.

वेळेचं बिल कोण भरणार?

टाकीत आठ किलो गॅस, ॲव्हरेज २१. एका भरण्यात १६८ किमी. १,५०० किमीला महिन्यात ९ वेळा पंपावर जावं लागणार. रांगेत सरासरी अर्धा तास धरला तर साडेचार तास. तुमच्या एका तासाची किंमत १५० रुपये धरली तर ६७५ रुपये. पंप वाटेवर नसेल आणि प्रत्येक वेळी जाऊन-येऊन ८ किमी जादा पडत असतील तर ७२ किमी, त्याचे साधारण २७५ रुपये. मिळून ९५० गेले.

४,००० मधून ९५० वजा केले की उरले ३,०५०. आता १६ चे २१ महिने झाले.

"सर, आपल्या वेळेची कसली किंमत?" असं नका म्हणू. बीबीएला पहिल्याच वर्षी संधी-खर्च नावाची गोष्ट शिकवतात. पुस्तकात ती अवघड वाटते, दुकानात लगेच कळते. तुम्ही रांगेत उभे असताना दुकानाचं शटर खाली असेल, तर त्या अर्ध्या तासात परत गेलेलं गिऱ्हाईक हाच तो खर्च.

पंप निवडताना आणखी एक बघा. काही पंप थेट पाइपलाइनवर असतात, तिथे दाब चांगला मिळतो. काही पंपांवर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, त्यांना डॉटर स्टेशन म्हणतात. ट्रकमधला गॅस संपत आला की दाब पडतो आणि आठ किलोच्या जागी पाच-सहा किलोवरच काटा थांबतो. कडक उन्हातही टाकीत गॅस कमी बसतो. म्हणजे नऊ फेऱ्यांच्या बारा होतात. म्हणून किट घेण्याआधी आठवडाभर तुमच्या वाटेवरच्या पंपाचं निरीक्षण करा. सकाळी ७ ला रांग किती, दुपारी २ ला किती, रात्री ९ ला किती. वहीत लिहा. यात पैसा लागत नाही.

डिकी गेली, धंदा कुठे ठेवणार?

समजा तुमचा पेणच्या पापडांचा धंदा आहे. पेणहून माल भरायचा, वडखळ, धरमतर, पोयनाड करत अलिबागपर्यंत दुकानांना द्यायचा. पेट्रोलवर असताना डिकी आणि मागची सीट मिळून १८ खोके मावत होते. टाकी बसल्यावर ११ मावतात. आधी आठवड्याला ठरलेल्या फेऱ्यांत भागत होतं, आता आठवड्याला एक फेरी जादा. जाऊन-येऊन ६० किमी. महिन्याला चार फेऱ्या म्हणजे २४० किमी, सीएनजीवरसुद्धा ९१५ रुपये.

३,०५० मधून ९१५ गेले, उरले २,१३५. २१ चे साडेएकोणतीस महिने झाले. आणि त्या चार फेऱ्यांचा वेळ मी अजून धरलाच नाही.

आठवतो का मुंबईच्या टॅक्सीवरचा कॅरिअर? टॅक्सीवाल्याचं गिऱ्हाईक स्वतः चालत येऊन बसतं, एखादी बॅग वर टाकली की झालं. पापडाचा, मूर्तीचा, केकचा खोका वर टाकता येत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. म्हणून माणसं नेणाऱ्या गाडीचं गणित आणि माल नेणाऱ्या गाडीचं गणित वेगळं मांडायचं.

यावर पर्याय आहे. डिकीखाली दोन लहान टाक्या बसवलेल्या कंपनीच्या गाड्या २०२३ पासून बाजारात आल्या आहेत. मारुतीने तर कंपनीतूनच बसवलेला सीएनजी २०१० मध्ये ईकोसकट पाच मॉडेलमध्ये दिला होता. त्यामुळे सेकंडहँड बाजारातही कंपनी-फिटेड गाड्या मिळतात. जुनी पेट्रोल गाडी विकून थोडे पैसे घालून अशी गाडी घेणं, हा तिसरा रस्ता कागदावर मांडायला विसरू नका.

कर्ज काढून किट?

६३,००० रुपये १२ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २,९६५ रुपये. दोन वर्षांत व्याज जातं आठ हजारांच्या वर.

आता ताडून बघा:
- पहिली गाडी: बचत १,३००, हप्ता २,९६५. दर महिन्याला खिशातून १,६६५.
- दुसरी गाडी, वेळ धरून: बचत ३,०५०. हप्ता जाऊन उरले ८५ रुपये. वडापाव आणि चहा.
- दुसरी गाडी, डिकीचा तोटा धरून: बचत २,१३५. दर महिन्याला ८३० चा खड्डा.
- तिसरी गाडी: बचत ८,५००. हप्ता आरामात.

सूत्र दुसरं: ज्या महिन्यात बचत हप्त्यापेक्षा कमी, त्या महिन्यात किट तुम्हाला पोसत नाही, तुम्ही किटला पोसता.

दर कायम राहील असं कोणी सांगितलं?

महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. लोक खूश झाले. पण त्याच तारखेला देशातल्या नैसर्गिक वायूची सरकारी किंमत दुपटीहून जास्त झाली आणि काही दिवसांत सीएनजी परत चढायला लागला. तेव्हा आजचा फरक दोन वर्षांनी तेवढाच असेल, असं धरू नका.

म्हणून गणित दोनदा करा. दुसऱ्या वेळी सीएनजी १० रुपयांनी वाढवा आणि पेट्रोल आहे तेवढंच ठेवा. दुसऱ्या गाडीची, वेळ धरून, बचत ३,०५० वरून साधारण २,३४० वर येते आणि २१ चे २७ महिने होतात. वाईट दिवसातही गणित तीस महिन्यांच्या आत बसत असेल आणि गाडी अजून पाच वर्षं वापरायची असेल, तर पुढे जा.

कागदपत्रं: इथे शॉर्टकट नाही

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महाग चूक इथेच होते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल नियमानुसारच करता येतो आणि तो आरसीवर चढवावा लागतो. नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्रम असा ठेवा:

१. गाडी बीएस किती, ते बघा. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली. पण किट त्या गाडीसाठी मंजूर असलं पाहिजे. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्था किटची चाचणी घेतात. विक्रेत्याकडे मंजुरीची प्रत मागा आणि तिची मुदत तपासा, कारण मंजुरी तीन-तीन वर्षांची असते.

२. गाडीवर कर्ज आहे का? असेल तर आधी बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या.

३. पेणच्या उप प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करा. एमएच-०६ पासिंगच्या गाड्यांचं काम तिथेच. पैसे देण्याआधी जा, नंतर नाही. कोणते कागद, कोणता फिटर चालेल, ते विचारून लिहून घ्या.

४. अधिकृत केंद्रातूनच फिटिंग. पक्कं बिल, किटचा नंबर, टाकीचा नंबर, चाचणीचं प्रमाणपत्र, फिटिंगचं प्रमाणपत्र. पाचही कागद एका फाइलीत.

५. आरसीवर नोंद. बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असतं. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी आलं की नाही, ते स्वतः वाचून बघा.

६. विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद. जादा हप्ता लागतो, तो भरा. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो. दोन-अडीच हजार वाचवायला सहा लाखांची गाडी पणाला लावणं हा धंदा नव्हे.

७. नवीन पीयूसी.

गाडी नवी असेल तर आणखी एक. बाहेरून किट बसवलं की कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा जाते. वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा, शोरूमच्या तोंडी उत्तरावर राहू नका.

टाकी: इथे पैसे वाचवायचे नाहीत

टाकीचा दाब किती, हे परत वाचा. २०० बार. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे जवळजवळ शंभरपट. टाक्यांचं नियमन पेसो ही केंद्र सरकारची संस्था करते. तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते आणि ती मान्यताप्राप्त केंद्रातच. टाकीवर नंबर आणि तारीख कोरलेली असते, ती प्रमाणपत्राशी जुळवा.

जुनी टाकी रंग मारून "नवीच आहे" म्हणून विकणारे असतात. किट जुनं मिळतंय, निम्म्या पैशांत मिळतंय, असं कोणी म्हणालं तर आधी टाकीचा नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार संपला.

आणि घरगुती लाल सिलिंडर गाडीला जोडायचा विचारही नको. ते बेकायदा आहेच, जीवघेणंही आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस खाली साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. गळला तर वर निघून जातो, अर्थात मोकळी हवा असेल तर. बंद गॅरेजमध्ये हलका गॅससुद्धा छताला साचतो. म्हणून वास आला की स्विच, दिवा, काडी कशालाही हात न लावता दार उघडा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि फिटरला बोलवा. गॅस भरताना इंजिन बंद ठेवून सगळ्यांनी गाडीतून उतरायचं, हा नियम घाईतही मोडू नका.

आपल्या भागासाठी चार खास सूचना

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून हे कळणार नाही.

खारी हवा. धरमतर खाडीकाठी राहणाऱ्यांना माहीत आहे, सायकलची चेनसुद्धा इथे लवकर गंजते. टाकीचा पट्टा, नटबोल्ट, नळीचे क्लॅम्प दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. गंज दिसला तर ब्रश मारून रंग लावून झाकू नका, भाग बदला.

धूळ. वडखळच्या पट्ट्यात अवजड वाहनं सतत चालू. एअर फिल्टर चोंदला की गॅसवर गाडी पेट्रोलपेक्षा आधी कुरकुरते. फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच साफ करा.

चढ. गॅसवर गाडीची ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. सपाटीला कळत नाही. कार्लेखिंडीला किंवा सुकेळी खिंडीला गाडी भरलेली असताना कळतं. तिथे गिअर वेळेवर टाका, नाहीतर बटण दाबून तेवढ्यापुरती पेट्रोलवर घ्या. त्यासाठीच तर दोन इंधनं ठेवलीत.

पाणी. जुलैत रस्त्यावर पाणी साचतं. ईसीयू आणि वायरिंगचे जोड जितके वर बसवता येतील तितके वर बसवून घ्या. फिटिंगच्या दिवशी समोर उभं राहून हे सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

आणि पेट्रोलची टाकी कधी पूर्ण कोरडी करू नका. गाडी सुरू पेट्रोलवरच होते, शिवाय महिनोन् महिने न वापरलेला पेट्रोलचा पंप नेमका गरजेच्या वेळी दगा देतो. आठवड्यातून एकदा थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

मग शेवटी करायचं की नाही?

खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. तोंडी नाही, लिहा.

१. गेल्या तीन महिन्यांत गाडी सरासरी किती किलोमीटर चालली? महिन्याला हजारच्या खाली असेल तर इथेच थांबा.
२. गाडी माणसं नेते की माल? माल असेल तर टाकी बसल्यावर किती खोके कमी मावतील, ते डिकीत खडूने आखून मोजा.
३. वाटेवर पंप आहे का आणि त्याची रांग किती?
४. ही गाडी अजून किती वर्षं वापरणार? इंजिन तेल खातंय का, कॉम्प्रेशन बरोबर आहे का? थकलेल्या इंजिनावर नवं किट म्हणजे गळक्या हंड्याला चांदीचं झाकण.
५. हे ६३,००० मालात घातले असते, तर महिन्याला किती कमावले असते?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. गौरी-गणपतीच्या आधी माल भरायला तेच पैसे हाताशी असतील, तर त्यातून दोन महिन्यांत जे सुटेल ते किट दोन वर्षांत देईल की नाही, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. कुठलाही ट्रेनर नाही, कुठलाही गॅरेजवाला नाही.

ज्यांचं उत्तर "हो" आलं त्यांनी बिनधास्त पुढे जा. किट चांगली गोष्ट आहे, धूर कमी, खर्च कमी. ज्यांचं "नाही" आलं, त्यांचंही काही नुकसान नाही. त्यांनी आज एका वहीच्या पानावर ६३,००० रुपये वाचवले.

गृहपाठ: उद्यापासून सात दिवस गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटी डायरी ठेवा. रोज चार रकाने: किलोमीटर, माल किती, फेऱ्या किती, इंधनाचे पैसे. सातव्या दिवशी वरचं गणित तुमच्या आकड्यांनी करा. पुढच्या धड्यात याच डायरीवरून आपण डिलिव्हरीचा दर कसा ठरवायचा ते शिकणार आहोत, म्हणजे गिऱ्हाइकाला "फ्री डिलिव्हरी" देताना ती नेमकी कोणाच्या खिशातून जाते, ते कळेल.

भेटूया. धंदा सांभाळा, गाडी सावकाश चालवा!